बिऱ्हाड हलवताना

जुन्या घरात आपण किती गोष्टी घराच्या भरवशावर सोडून दिल्या होत्या, हे बिऱ्हाड हलवल्याशिवाय कळत नाही. वाड्यातल्या खोलीत देवांना कोनाडा असतो, छत्रीला खुंटी असते, डब्यांना भिंतीतले फडताळ असते. यांपैकी एकही वस्तू आपली नसते. पण ती आहेच असे धरून संसार चालतो. मग एके दिवशी सामान टेम्पोत चढते, ब्लॉकमध्ये उतरते, आणि गृहिणी देवांचा डबा हातात घेऊन चार गुळगुळीत भिंतींकडे बघत राहते.

संगणकाच्या आज्ञावल्यांचेही असेच होते. मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण मजकूर एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेताना काय गळते आणि काय टिकते, हे बघणे हाच तर माझा धंदा आहे!

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या घरातला कारभारी. कोणाला किती जागा, कोणाची पाळी केव्हा, हे ती ठरवते. तिचेच पुढे लिनक्स झाले. त्या निवेदनातच त्याने बजावले होते, की ही दुसऱ्या यंत्रावर नेता येणार नाही. इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरच्या खास सोयींवर ती उभी आहे. कोनाडे, खुंट्या सगळे ३८६ चे!

प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची बोली निराळी असते. म्हणून माणसे सी नावाच्या भाषेत लिहितात आणि कंपायलर नावाचा दुभाष्या ते त्या त्या बोलीत उतरवतो. मग दुभाष्या बदलला की काम झाले, नाही का? नाही. दुभाष्याला शब्द दिसतात. लिहिणाऱ्याने मनात काय धरले होते ते दिसत नाही.

१९९४ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या जॉन हॉल या गृहस्थांनी खटपट करून टोरवाल्ड्सला अल्फा प्रोसेसरचे एक यंत्र वापरायला मिळवून दिले. अल्फा ६४ बिटांचा, ३८६ हा ३२ बिटांचा. ३८६ वर साधी संख्या आणि स्मृतीतला पत्ता हे दोन्ही एकाच मापाच्या डब्यात मावत, म्हणून लोक बेधडक पत्ता संख्येच्या डब्यात ठेवून देत. अल्फावर पत्ता दुप्पट लांब. तो जुन्या डब्यात कोंबला की अर्धा गळून पडे. जणू पाकिटावर घराचा नंबर राहिला आणि गावाचे नाव पुसले गेले. ३८६ वर स्मृतीचे पान ४ किलोबाइटांचे, अल्फावर ८ चे. शब्द आडवातिडवा ठेवलेला ३८६ मुकाट्याने उचलून घेई, अल्फा तिथेच अडून बसे. मूळ यंत्र सोशिक होते, म्हणून लिहिणाऱ्याची ढिलाई झाकली गेली होती, इतकेच.

काही यंत्रांत आणखी एक गंमत असते. मोठी संख्या साठवताना तिचा लहान भाग आधी ठेवायचा की मोठा? इंटेल लहान भाग आधी ठेवतो, सनचा स्पार्क मोठा. आपण मराठी माणसे ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस मागाहून; इंग्रज वीस आधी म्हणतो. अर्थ एकच, पण एकाने उच्चारलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने लिहून घेतले तर पंचवीसचे बावन्न व्हायला वेळ लागत नाही. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये या दोन पक्षांना स्विफ्टच्या गलिव्हरमधली नावे बहाल केली: अंडे मोठ्या टोकाकडून फोडणारे आणि लहान टोकाकडून फोडणारे. वाङ्मयाचा असा उपयोग झालेला पाहून मला फार बरे वाटले.

टोरवाल्ड्सचा खरा शहाणपणा पुढेच दिसतो. अल्फासाठी वेगळी प्रत काढून तिच्यात ठिगळे लावणे सोपे होते. मोटोरोलाच्या प्रोसेसरवर लिनक्स नेणाऱ्यांनी आधी तसेच केले होते. अशा प्रती दोन वर्षांत चुलत भावंडांसारख्या दुरावतात. त्याने मूळ संहिताच उसवली. यंत्रागणिक बदलणारे जेवढे, तेवढे एका बाजूच्या कप्प्यात टाकले आणि उरलेले सर्वांचे सामाईक ठेवले. मार्च १९९५ ची १.२ ही आवृत्ती अल्फावर चालू लागली. आणि १९९७ मध्ये याच मुलाने पदव्युत्तर प्रबंध लिहिला, त्याचा विषय काय? लिनक्स, एक हलवता येण्याजोगी ऑपरेटिंग सिस्टिम!

डिजिटल कंपनी १९९८ मध्ये विकली गेली. अल्फाच्या यंत्रांची विक्री २००७ मध्ये थांबली. पण ते घर सोडतानाही संसार नीटनेटका राहिला. २००३ मध्ये एएमडीचे ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा लिनक्सला ते माप नवे नव्हते. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही एआरएम जातीच्या प्रोसेसरवर हाच कारभारी बसलेला असतो. उलट, ज्या ३८६ च्या घरात तो जन्मला, त्याची सोय डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. टोरवाल्ड्सचे स्वतःचे जुने ३८६ यंत्रही त्यामुळे नव्या आवृत्तीला मुकले. आपण हळवे नाही, असे तो म्हणाला. मी असतो तर निदान एक वर्ष टाळाटाळ केली असती.

आता रिस्क-फाइव्ह नावाचे नवे घर उभे राहिले आहे. त्याची बोली २०१० मध्ये बर्कलीत घडू लागली, आणि ती वापरायला कोणाचा परवाना लागत नाही. मद्रासच्या आयआयटीतला ‘शक्ती’ प्रोसेसर याच बोलीचा. पण प्रोसेसर तयार झाला म्हणजे संसार थाटला असे नव्हे. एकट्या डेबियन या संग्रहात साठ हजारांहून अधिक पुडकी आहेत. ती सारी नव्या घरी न्यायची. ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीत डेबियनने या घराला अधिकृत मान्यता दिली. ती मान्यता रात्री जागणाऱ्या माणसांच्या बळावर मिळते.

त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. इंटेलवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला एक चिमुकला प्रोग्राम नव्या यंत्रावर थांबेचना. तीन आठवडे तो मागे लागला. मूळ लेखकाने ‘मजकूर संपला’ ही खूण उणे एक या संख्येने धरली होती आणि ती एका अक्षराच्या डब्यात ठेवली होती. इंटेलवर त्या डब्याला उणे संख्या कळते. रिस्क-फाइव्हवर उण्याचे २५५ होतात, आणि खूण कधी पटतच नाही. त्याने एक शब्द बदलून मूळ लेखकांकडे पाठवला. संहिता खुली होती म्हणून तो तिथवर पोहोचू तरी शकला.

“अरे, याचे मानधन किती?” मी विचारले.

“मानधन कसले सर! दोन शंका विचारल्या आणि घेतले त्यांनी.”

सध्या तो देवनागरीची जोडाक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझ या पुडक्याची नव्या यंत्रावर तपासणी करतो आहे. कठीण शब्द सुचवा म्हणाला. मी ‘कार्त्स्न्य’ दिला. गेल्या रविवारी रात्री त्याने पडद्याचा फोटो पाठवला. पाच व्यंजने एकमेकांना धरून उभी होती, आणि रफार जिथल्या तिथे होता.