जानेवारीतली ओल वरून येत नाही

ग्वाल्हेरात धुकं धरलं आणि पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की पत्र्याच्या माळ्यांत पहाटे आतून थेंब लोंबू लागतात, स्लॅबच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, ट्रंकेतल्या गोधड्या कुबट होतात. निदान ठरलेलंच असतं: छत गळतंय. मग गच्चीवर डांबर. पण इथला पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबरचा. त्या धारांत कोरडं राहिलेलं छत जानेवारीत कसं गळेल? (मावठा पडून गेला असेल तर गोष्ट वेगळी.) शंका असल्यास ओल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. पाणी खोलीकडच्या बाजूला धरलं तर ते घरातल्या हवेचं; प्लॅस्टिकच्या मागे साचलं तर मात्र गवंड्याला बोलवावं.

घरातल्या हवेत एवढं पाणी येतं कुठून? एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांवर पाणी स्वयंपाकघरात सुटलेलं असतं. शिवाय कुकरची वाफ, आंघोळीचं कढत पाणी, धुक्यामुळे आतल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ५ अंशांच्या हवेत जेमतेम ७. निरभ्र रात्री पत्रा तर बाहेरच्या हवेहूनही गार पडतो. वर चढलेली ऊबदार हवा त्याला टेकली की उरलेली वाफ पाणी होते. डांबर या हिशेबात कुठेच येत नाही.

उपाय हवा बदलण्याचा, आणि त्यावर पहिला आक्षेप थंडीचा. तो खरा आहे, पण खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा असं कोण म्हणतंय? दुपारी समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं उघडल्या तरी हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत. धुक्याची हवा दमटच ना, असंही विचारतात. बाहेर असते, तीच ५ अंशांची हवा घरात १५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता साधारण निम्म्यावर येते. हिटरने हवा तापते, वाफ घरातच राहते. बंद खोलीतली शेगडी तर ओलीचा नव्हे, जिवाचाच प्रश्न करते.

जुन्या वाड्यांचं उगाच गुणगान नको, थंडीत ते गारठलेलेच असत. पण त्यांच्या दगडी पटियांवर चुन्याचा जाड थर असे आणि छताजवळ झरोके. आता छत जेमतेम चार-पाच इंचांचं आणि झरोक्याच्या जागी पक्की काच. स्लॅबवर उष्णतारोधक थर महाग पडतो, हे मान्य. मात्र मे महिन्यात ४५ अंशांना तोच थर कामी येतो, म्हणजे खर्च एका ऋतूच्या नावावर मांडणं चूक. स्वस्तातला फॉल्स सीलिंगचा मार्ग अधिक फसवा. त्याच्या फटींतून वाफ वर जाते आणि गार स्लॅबला नजरेआड थेंब धरतात. कॅल्गरी-एडमंटनकडच्या लाकडी घरांत अशाच फटींमुळे माळ्यातल्या खिळ्यांच्या टोकांवर हिम धरतं. ऊन पडलं की ते ठिबकतं आणि तिथेही आधी छप्पर दुरुस्त करणाऱ्यालाच फोन जातो.