फाईलमध्ये कानाचा रकाना का नव्हता?

परवा कपाट आवरताना चाचांची जुनी फाईल हाती लागली. 2014 साली त्यांना नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. सहा महिन्यांहून जास्त काळ, रविवार सोडून रोज, कानामायसिनचं इंजेक्शन चालू होतं. फाईलमध्ये दर महिन्याचं वजन आहे, थुंकीचे रिपोर्ट आहेत, किडनीसाठी क्रिएटिनिन आहे. कानाच्या तपासणीचा एकही कागद नाही. सुरुवातीचाही नाही, नंतरचाही नाही.

चाचा भिवंडीत तीस वर्षं यंत्रमागावर होते. लूमची खटखट ज्यानं ऐकली आहे, त्याला सांगायला नको की तिथला माणूस जरा मोठ्यानंच बोलतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात ते "काय? काय?" करू लागले तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. कानात सारखी शिटी वाजते म्हणाले, तर अशक्तपणा आहे असं आम्हीच सांगितलं. ते म्हणायचे, "आवाज आती है, बात समझ में नहीं आती." आज कळतं, त्यांनी दुखणं अगदी अचूक सांगितलं होतं. ही औषधं अंतर्कर्णातल्या केसासारख्या बारीक पेशी मारतात, आणि सुरुवात उंच पट्टीचा आवाज टिपणाऱ्या पेशींपासून होते. म्हणून अजान ऐकू येते, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, पण स, श, च, ट ही अक्षरं गळून पडतात. लहान नातीचं बोलणं आधी जातं. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. दवाखान्यात टॉर्च लावून पाहिलं आणि पडदा साफ आहे म्हणून सांगितलं. पडदा साफच असणार, नुकसान त्याच्या बरंच आत होतं.

नंतर आम्ही तक्रारीचा सूर लावला, तेव्हा उत्तर मिळालं, "जीव वाचला ना?" आपल्याकडे म्हणच आहे, जिवावरचं शेपटीवर निभावलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही शुक्र करा, सब्र करा म्हणून सांगितलं. सब्राला माझा विरोध नाही. पण जी तपासणी झालीच नाही, तिच्या परिणामाला तकदीर म्हणणं मला पटत नाही. तिसऱ्या महिन्यात कागदावर घसरण दिसली असती, तर डोस कमी करणं, दिवसाआड देणं, औषध बदलणं यांवर निदान बोलणं तरी झालं असतं.

आणि हा धोका नवा नव्हता. या जातीचं पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली अमेरिकेत सापडलं. टीबीच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांमध्येच चक्कर आणि तोल जाणं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. म्हणजे चाचांच्या वेळी ही माहिती जवळजवळ सत्तर वर्षं जुनी होती.

आता चित्र पालटलंय, हे मान्य. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं कानामायसिन वापरू नका असं सांगितलं, आणि आपल्याकडेही अशा टीबीचा उपचार मुख्यतः गोळ्यांवर आला आहे. बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले लढल्या, आणि 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. दोघींचीही ऐकण्याची शक्ती टीबीच्या औषधांत गेली होती.

पण इंजेक्शनं संपलेली नाहीत. अमिकासिन आणि जेंटामायसिन आजही आयसीयूत, लघवीच्या मोठ्या संसर्गात, नवजात बाळांच्या वॉर्डात रोज दिली जातात, आणि कित्येकदा त्यांची गरजही असते. माझं म्हणणं औषध घेऊ नका असं नाही, मोजमाप ठेवा एवढंच आहे. शक्यतो पहिल्या इंजेक्शनच्या आधी ऑडिओमेट्री करावी, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडणार? लूमवर काम केलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे फारच खरं. उपचार लांबणार असेल तर तपासणी ठरावीक अंतरानं पुन्हा व्हावी. एका पट्टीवर 20 डेसिबल किंवा शेजारच्या दोन पट्ट्यांवर 10 डेसिबल घसरण दिसली, तर ती धोक्याची खूण मानतात. नेहमीचं मशीन 8,000 हर्ट्झपर्यंत तपासतं, घसरण बहुधा त्याच्या वर सुरू होते. म्हणून जिथे सोय आहे तिथे वरच्या पट्ट्याही तपासून घ्याव्यात. औषध आतल्या कानात रेंगाळतं, त्यामुळे कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी पुन्हा एकदा तपासलेलं बरं. किडनी कमजोर असेल, सोबत लघवीचं फ्युरोसेमाइड चालू असेल, किंवा आईकडच्या नात्यात कुणाचे कान अशा इंजेक्शननं गेले असतील, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावं.

तोलाचं तर कुणी नावच काढत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका आपांना किडनीच्या संसर्गासाठी जेंटामायसिन दिलं होतं. घरी आल्यावर फजरला उठल्या की भिंत धरून चालायच्या, सजद्यातून उठताना कलंडायच्या. कुणी बीपी म्हणालं, कुणी मानेचा मणका. गरगरत मात्र नव्हतं, म्हणून कानाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. दोन्ही बाजूंचा तोल सारखाच गेला की गरगरत नाही. उजेडात डोळे सावरून घेतात, अंधारात पाय चुकतात, आणि चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात. हे ओळखायला मोठं मशीनही लागत नाही. डोळ्यांचा तक्ता समोर ठेवायचा, डोकं स्थिर असताना किती ओळी वाचता येतात ते पाहायचं, मग डोकं भराभर डावी-उजवीकडे हलवत पुन्हा वाचायला लावायचं. दोनपेक्षा जास्त ओळी घसरल्या तर शंका घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे, वॉर्डातली नर्ससुद्धा करू शकेल. आपांच्या बाबतीत ते कुणी केलं नाही. स्नानगृहात पडून मनगट मोडल्यावर हाडाच्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्यांदा विचारलं, मागे कुठली इंजेक्शनं घेतली होती?

चाचांना आम्ही कानाचं मशीन आणून दिलं. ते डबीत पडून असतं. आवाज वाढतो, शब्द सुटे होत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. आता नात पाटीवर लिहून त्यांच्याशी बोलते, आणि लिहायचं राहिलं की ते तिच्या ओठांकडे बघत बसतात.