वाशी नाक्याची बस

मा. आयुक्त तथा प्रशासक,
बृहन्मुंबई महानगरपालिका

जून 2025



गेल्या महिन्याच्या 9 तारखेपासून बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले, वातानुकूलित बसचे सहाचे बारा. तोटा, इंधन, कंत्राटदारांची देणी ही कारणे मी वाचली आहेत आणि ती खोटी नाहीत. पण हा भार कोणावर पडला, ते आपल्यापुढे मांडायलाच हवे. मार्च 2022पासून महापालिकेत नगरसेवक नाहीत, बेस्ट समितीही नाही. गाऱ्हाणे आपल्याच दारी आणावे लागते.

चेंबूरचा वाशी नाका घ्या. रुळांना खेटून असलेल्या झोपड्यांमुळे लोकल हळू हाकाव्या लागत, म्हणून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी हजारो कुटुंबे तिथून हलवली. काही मानखुर्दला गेली, काही वाशी नाक्याला. मुंबईच्या गाड्या वेगाने धावाव्यात म्हणून ज्यांनी जागा सोडली, त्यांच्यापैकी वाशी नाक्याला आलेल्यांना पक्की घरे मिळाली ती लोकलच्या स्टेशनपासून लांब. रुळाकाठी राहणाऱ्या कितीतरी बायका धुण्याभांड्याच्या कामाला चालत जात. इथून आधी बस, मग लोकल, उतरल्यावर पुन्हा बस. पलीकडे माहुलला तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी नेऊन ठेवली. तिथे राहण्याची सक्ती करू नका, हे 2019मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

जाता-येता मिळून चार बस धरणाऱ्या बाईचे किमान भाड्यानेही रोजचे 20 रुपये आता 40 झाले. महिन्याचे 26 दिवस धरले तर 520चे 1,040. पास आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि घरकामाचा पगार घराघरातून, वेगवेगळ्या तारखांना, तुकड्यातुकड्याने हाती येतो. मग ती एक टप्पा पायी जाते. तेही झेपेनासे झाले की लांबचे, चार पैसे जास्त देणारे काम सोडते आणि वस्तीतच मिळेल ते धरते. मुलीच्या कॉलेजचा विचारही बसभाड्यापाशी येऊन अडतो. याच बाईला गावी जाताना एसटीत 2023पासून अर्धे तिकीट आहे. रोज कामावर जाताना मात्र पूर्ण!

पैसा कुठून आणायचा, असे आपण विचाराल. महापालिकेने सुमारे 14 हजार कोटी रुपये खर्चून साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा रस्ता बांधला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे आणि मोटारीला टोल नाही. रस्ता नको होता, असे मी म्हणत नाही. मोटारीतल्या माणसाला फुकट वाट देणाऱ्या महापालिकेने बसमधल्या माणसाकडून दुप्पट भाडे घ्यावे, हे मला अन्यायाचे वाटते. पूर्वी बेस्टच्या वीज विभागाच्या पैशातून बसची तूट भरून निघे. तो मार्ग बंद झाल्यावर ही जबाबदारी महापालिकेने उचलायला हवी होती.

शिवाय भाडे वाढले तरी बस वेळेवर येत नाहीच. स्वतःच्या मालकीच्या 3,337 बस राखण्याचे बेस्टने 2019च्या करारात मान्य केले होते. आज हा आकडा हजाराच्याही बराच खाली आहे. बाकीच्या बस कंत्राटदारांच्या. कंत्राटदार निघून गेला की त्याच्या बसही जातात आणि थांब्यावरची माणसे शेअर रिक्षाची वाट धरतात.

माझी मागणी साधी आहे. पुनर्वसन वसाहतींतून जवळच्या स्टेशनपर्यंत जाणाऱ्या मार्गांवर पाच रुपयांचे भाडे पुन्हा लागू करा. बस बदलली तरी ठरावीक वेळेत तेच तिकीट चालू द्या. पहाटेच्या आणि रात्रीच्या फेऱ्या स्वमालकीच्या बसने चालवा. कामावर जाणाऱ्या बायकांची गरज त्याच वेळी असते. 15 जुलै 1926ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. येत्या वर्षी शताब्दी आहे. तिच्या खर्चाचा आराखडा बनवण्याआधी मानखुर्द, वाशी नाका आणि माहुल इथल्या थांब्यांवर ठरलेल्या किती फेऱ्या प्रत्यक्षात आल्या, ते दर महिन्याला जाहीर करायला सुरुवात करा.

आपली,
चेंबूरची एक बेस्ट प्रवासी