पेरणी साधली, काढणी भिजली

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला रास्तच आहे. पण ओल उशिरा झाली की शंभर दिवसांचे वाण ऐन परतीच्या पावसात काढणीला येते. ऑक्टोबर २०१९मध्ये मराठवाडा-विदर्भात शेतातल्या गंजी भिजल्या, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. त्यातून जे वाचते तेही हमीभाव केंद्रावर १२ टक्के ओलाव्याच्या अटीत अडते. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती सवलत म्हणून ही मर्यादा १५ टक्के केली. तोवर अनेकांनी पडत्या भावाने माल विकला होता. सवलतीचा निर्णय काढणीआधी जाहीर करा, आणि गावोगाव धान्य वाळवणी यंत्रे द्या.