व्यसनमुक्ती केंद्रातलं एचआयव्हीचं व्याख्यान : रजिस्टर भरतं, माणूस कोराच राहतो

दारू सोडण्यासाठी केंद्रात दाखल झालेल्या पुरुषाला एचआयव्हीबद्दल किती सांगितलं जातं? बहुतेक ठिकाणी एक तास. बाहेरून एखादा डॉक्टर येतो, तक्ते दाखवतो, एचआयव्ही कशाने पसरतो आणि कशाने पसरत नाही ते सांगतो. शेवटी विचारतो, "काही शंका?" कुणालाच शंका नसते. मग टाळ्या, चहा आणि रजिस्टरवर सह्या. कार्यक्रम पार पडला.

अशी व्याख्यानं मीही दिली आहेत, म्हणून ही तक्रार आधी माझ्याविरुद्ध आहे. एकदा असंच बोलून मी चपला घालत होतो. चाळिशीचा एक माणूस मागोमाग आला आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, सोडून महिना झाला. पण घरी गेल्यावर बायकोजवळ जायला जमेल का? मला घेतल्याशिवाय कधी जमलंच नाही."

तासभर बोलून मी या प्रश्नाच्या आसपासही फिरकलो नव्हतो. पण त्याच्या एचआयव्हीच्या धोक्याचं मूळ याच प्रश्नात होतं. विषाणूची माहिती त्याला पाठ होती, ती तर शाळकरी मुलांनाही असते. त्याला भीती होती ती शुद्धीत राहून जवळीक साधण्याची. या भीतीला हात न घालणारं व्याख्यान वाया जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारू आणि एचआयव्ही यांचं नातं

दारूतून एचआयव्ही होत नाही. पण नशेत कंडोम वापरायचं भान राहत नाही, समोरच्याचा नकार ऐकू येत नाही आणि एरवी जिथे पाऊल टाकलं नसतं तिथे माणूस पोचतो. सुईने नशा करणाऱ्यांना आणखी एक थेट धोका असतो, तो म्हणजे एकमेकांची सुई वापरणं.

याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षं प्यायल्याने नसा आणि संप्रेरकं बिघडतात, लैंगिक ताठरता कमी होते. दारू सोडल्यावर अनेकांत ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, आणि नाही सुधारली तर उपचार आहेत. हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या रात्री जमत नाही, तो घाबरतो आणि 'दोनच पेग' घेतो. तिथेच व्यसन परत येतं, कंडोमही राहून जातो आणि धोका घरात शिरतो. बायकोने काहीही केलेलं नसताना किंमत मात्र तिला मोजावी लागते.

'आपल्या संस्कृतीत असं बोलत नाहीत'

हे वाक्य मी विश्वस्तांकडून ऐकलंय, समुपदेशकांकडून ऐकलंय, डॉक्टरांकडूनही ऐकलंय. म्हणून जरा विचारावंसं वाटतं, ही कुणाची संस्कृती? नाक्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये, ऊसतोड्यांच्या कोपीबाहेर पुरुष याच विषयावर बोलतात. फक्त ते 'लैंगिक आरोग्य' म्हणत नाहीत. ते 'कमजोरी' म्हणतात, 'धात जाते' म्हणतात, 'गुप्तरोग' म्हणतात. रेल्वेलगतच्या भिंतींवरच्या जाहिराती वाचा. भोंदूंना आपली संस्कृती आपल्यापेक्षा चांगली कळलेली आहे!

मुंबईतल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये स्टीफन शेन्सुल, रवी वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रिश्ता' नावाचा प्रकल्प चालवला. त्यांनी सुरुवात एचआयव्हीपासून केली नाही, पुरुषांना स्वतःला छळणाऱ्या 'गुप्तरोगा'पासून केली. या तक्रारी घेऊन पुरुष गल्लीतल्या वैद्य-डॉक्टरांकडे जातच होते. मग त्या डॉक्टरांनाच शिकवलं की रोग्याला त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगू द्या, म्हणजे काम, दारू, बायकोशी पटतं की नाही, बाहेरचे संबंध, सगळं. एचआयव्हीचा विषय त्या गोष्टीतून आपोआप निघतो. संस्कृतीनुसार कार्यक्रम बदलणं म्हणतात ते हेच. इंग्रजी पत्रकाचं मराठी भाषांतर करून वर वारकऱ्याचं चित्र छापलं, एवढ्याने ते साधत नाही.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातही हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत नशेवर उपचार घेणाऱ्या पुरुषांसाठी डोनाल्ड कॅल्सिन आणि सहकाऱ्यांनी 'रिअल मेन आर सेफ' हा पाच बैठकांचा कार्यक्रम तयार केला. त्यात जोडीदाराशी बोलायचा सराव होता, कंडोम वापरायचा सराव होता आणि नशेशिवायच्या जवळिकीवर मोकळी चर्चा होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची तुलना एका तासाच्या नेहमीच्या व्याख्यानाशी केली होती. पाच बैठकांच्या गटात पुढच्या ३ आणि ६ महिन्यांत असुरक्षित संबंध कमी झाले. पुढे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक पुरुषांचं म्हणणं ऐकून, 'मर्द' म्हणून त्यांच्याकडून काय अपेक्षा असतात हे लक्षात घेऊन कार्यक्रम बदलला. पुरुष जास्त बैठकांना येऊ लागले आणि तात्पुरत्या जोडीदारांशी होणारे असुरक्षित संबंध आणखी घटले. हा दुसरा अभ्यास लहान होता, पण त्याची दिशा स्पष्ट आहे.

तो कार्यक्रम उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर पुन्हा भाषांतरच होईल. त्यांनी आधी आपल्या माणसांना विचारलं, एवढंच आपण घ्यायचं.

मग करायचं काय?

केंद्र चालवणाऱ्यांकडे माझ्या चार मागण्या आहेत.

१. व्याख्यान बंद करा आणि सलग काही बैठका घ्या. एक पूर्ण बैठक 'दारूशिवाय जवळीक' या विषयावर असू द्या. ती घ्यायला दारू सोडून काही वर्षं झालेला माणूस हवा. त्याच्या तोंडून ऐकलेलं पटतं.

२. गटाआधी प्रत्येकाशी एकट्याने बोला. पुरुषांशी संबंध असणारा पुरुष तीस जणांसमोर तोंड उघडणार नाही. ३७७ कलमाबाबतचा निकाल २०१८ मध्ये लागला, पण हॉलमधली कुजबुज थांबलेली नाही.

३. दाखल करताना रक्त घेऊन न विचारता एचआयव्ही चाचणी उरकू नका. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ नुसार समजावून घेतलेली संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो.

४. कंडोम बाहेर ठेवा, कपाटात कुलपाखाली नको. 'आमच्याकडे चांगल्या घरची माणसं येतात' हे कारण सांगू नका. विषाणू घर बघून येत नाही.

आणि तुमच्यासाठी

तुम्ही स्वतः उपचार घेत असाल, तर वर चपलांपाशी विचारला गेलेला प्रश्न बैठकीत विचारा, नाहीतर एकट्याने डॉक्टरांना विचारा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. निकाल पॉझिटिव्ह आला तरी औषधं मोफत आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शारीरिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. काल-परवाच असुरक्षित संबंध आला असेल तर थांबू नका. ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं तर संसर्ग टाळता येतो. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

तुम्ही पत्नी असाल, तर नवरा केंद्रातून घरी येण्याआधी समुपदेशकांशी स्वतंत्र वेळ मागा. चाचणीचं विचारा, कंडोमचं विचारा. 'तुम्ही कशाला असलं विचारता ताई?' असं कुणी म्हणालं, तर सांगा : घरी मला राहायचं आहे.

तो चाळिशीचा माणूस मला व्हरांड्यात भेटला म्हणून त्याला उत्तर मिळालं. जे मागोमाग आले नाहीत, ते आपापले प्रश्न घेऊन तसेच घरी गेले. आपल्याला त्यांच्यासाठी बोलायचं आहे.