लष्कराशेजारचं मोकळं रान कुणासाठी?

मी वाढलो त्या मोहल्ल्याला मिलिटरीची भिंत लागून होती. पलीकडे झाडं, कापलेलं गवत आणि बहुतेक वेळा रिकामं असलेलं मैदान. अलीकडे आम्ही वीस-पंचवीस पोरं गल्लीत टेनिस बॉलने खेळायचो. चेंडू भिंतीपलीकडे गेला की मॅच संपली. लष्करी तळाशेजारची जमीन मोकळी राहावी म्हणून अमेरिकेत सरकारी अनुदान मिळतं, हे वाचलं तेव्हा मला आधी तो चेंडूच आठवला.

ही गोष्ट एका पक्ष्यापासून सुरू होते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या फोर्ट ब्रॅग या तळावर पाइनची जुनी झाडं आहेत आणि त्यांत सुतार पक्ष्याची एक दुर्मीळ जात घरटी करते. 1970 पासून ती संकटग्रस्त यादीत होती. तळाबाहेरची जंगलं तुटत गेली, तसा तळच पक्ष्यांचा आसरा झाला. कायद्याने घरट्यांच्या झाडांभोवती सैनिकांच्या सरावावर बंधनं आली. पक्षी हवा की सराव, असा वाद पेटला. त्यातून 1995 च्या सुमारास लष्कराने ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेशी हातमिळवणी केली. तळाबाहेरचं जंगल वाचलं तर आतली बंधनं सैल होतील, असा साधा हिशेब होता. 2002 च्या अखेरीस अमेरिकी संसदेने त्याला कायद्याचा आधार दिला. हाच आजचा ‘रेपी’ कार्यक्रम.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी जमीन मालकाचीच राहते. तो शेती करतो, गुरं चारतो, लाकूड काढतो. विकतो तो फक्त तिथे वसाहत उभी करण्याचा हक्क, आणि तोही राजीखुशीने. पैशाचा एक वाटा संरक्षण खातं देतं, बाकीचा राज्य सरकार किंवा संस्था उभा करतात. तळाशेजारी इमारती येत नाहीत, त्यामुळे तोफांच्या आवाजाच्या तक्रारीही येत नाहीत. सैन्याचं भलं, पक्ष्याचं भलं, शेतकऱ्याचंही भलं.

आणि लोकांचं? मला खटकतं ते इथे. सार्वजनिक पैशातून वाचलेल्या अशा कित्येक जमिनींवर तुम्ही-आम्ही पाय ठेवू शकत नाही, कारण त्या खासगीच राहतात. रान वाचलं, पण पोरांना खेळायला जागा मिळालीच असं नाही.

अमेरिकेतच याला एक उत्तर आहे. 1964 च्या कायद्याने तिथे जमीन व जल संवर्धन निधी स्थापन झाला. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून त्यात पैसा येतो. अनेक वर्षं संसद तो दुसरीकडे वळवत राहिली. अखेर 2020 च्या कायद्याने दरवर्षी 90 कोटी डॉलर पक्के झाले. यातून राज्यांना मिळणाऱ्या अनुदानाला एक कडक अट आहे. पैसा घेतलेली जागा कायम लोकांच्या मोकळ्या हवेतल्या वापरासाठीच राहील. उद्या नगरपालिकेला तिथे दुसरं काही बांधायचं असेल, तर तेवढ्याच किमतीची आणि तितकीच उपयोगी जागा बदली द्यावी लागते. आता याच निधीत लष्करी तळांजवळच्या जागांसाठी वेगळी स्पर्धात्मक अनुदान योजना आली आहे. म्हणजे संरक्षण खात्याची गरज आणि लोकांचा प्रवेश एकाच अर्जात. मला ही जोडणी महत्त्वाची वाटते.

फार भारावून जाऊ नका. सरकारांनी मिळून केलेल्या अशा भूप्रदेश संवर्धनाचा पहिला मान 2013 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या लुईस-मॅककॉर्ड तळाच्या परिसराला मिळाला. तिथल्या गवताळ रानांतली फुलपाखरं आणि चंडोल वाचावेत म्हणून पैसा आला, चांगलंच झालं. पण हाच तळ उभारताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात, निस्क्वाली आदिवासींच्या राखीव जमिनीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढून घेतला होता. कुटुंबांना घरं सोडावी लागली. फुलपाखराला शंभर वर्षांनी जागा मिळते आहे. माणसांचा हिशेब मागे राहिला, हे आपण तरी विसरू नये.

आपल्याकडे काय आहे? 1903 चा संरक्षण बांधकाम कायदा. तळाभोवतीच्या बांधकामांवर त्याने बंदी घालता येते, आणि त्यात नुकसानभरपाईची तरतूदही आहे. पण 2011 मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकाने 100 मीटरपर्यंत, उंच इमारतींसाठी 500 मीटरपर्यंत, लष्कराच्या ना-हरकतीची अट आली. 2016 मध्ये बऱ्याच ठिकाणी हे अंतर कमी झालं. या अटीत बंदी आहे, मोबदला नाही. पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगरच्या कॅम्पालगत राहणाऱ्यांनी ही ना-हरकत मिळवताना खाल्लेले हेलपाटे मी घरात ऐकलेत. तळाजवळ बांधू नका हे पटण्यासारखं आहे. पण मग ती जागा कोणासाठी, तिच्या देखभालीचा पैसा कुठून आणि फाटकाची चावी कोणाकडे, हे प्रश्न आपल्या वस्त्यांतून क्वचितच विचारले जातात.

तुमच्या शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होईल तेव्हा नकाशा उघडा. कॅम्पाच्या हद्दीला लागून खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे का, ते शोधा. नसेल तर लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. असेल तर जाऊन बघा, तिथे सध्या काय उभं आहे.