वर्दीला फुले, शिपायाला बारा तास

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरात महाल, हंसापुरी, भालदारपुरा पेटले. तेहतीस पोलीस जखमी झाले. त्यात तीन उपायुक्त होते, एकावर तर कुऱ्हाडीने वार झाला. ऐकून चीड यावी अशीच ही गोष्ट आहे आणि आम्हालाही ती आली. पण दुसऱ्या दिवसापासून शहरात एक वेगळीच परीक्षा सुरू झाली. तुम्ही पोलिसांसोबत की दंगलखोरांसोबत? पोलिसांसोबत असाल तर दाखवा. स्टेटसला खाकीचा फोटो ठेवा. इंदोरा, पाचपावली, इमामवाड्यातल्या आमच्या पोट्ट्यांपर्यंतही हा प्रश्न आला आणि काहींनी फोटो ठेवलेही. त्यांच्यावर आमचा राग नाही. प्रश्नच खोटा आहे, एवढे मात्र त्यांना सांगितले पाहिजे.

दगड झेलायला सगळ्यात पुढे उभा असतो तो शिपाई. तो शेतकऱ्याचा, मजुराचा, आमच्याच वस्तीतला भरतीसाठी पहाटे मैदानावर धावलेला मुलगा असतो. त्याच्या डोक्यातून रक्त आले तर दुखते ते आपल्याच घरात. म्हणून त्याच्यावर हात उचलणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात आमचे दुमत नाही. ती न्यायालयात व्हावी. बस.

पण त्या आठवड्यात पाठिंब्याच्या नावाखाली काय काय चालवून घेतले गेले? त्या दुपारी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ औरंगजेबाच्या कबरीची प्रतिकृती जाळून शहर तापवले गेले. त्या प्रकरणात विहिंप-बजरंग दलाचे आठ जण १९ मार्चला हजर झाले आणि त्याच दिवशी जामिनावर सुटले. जामीन हा हक्क आहे, तो मिळालाच पाहिजे. तो इतक्या लवकर सगळ्यांना मिळतो का, एवढेच आमचे विचारणे आहे. २४ मार्चला महापालिकेने एका प्रमुख आरोपीच्या घरावर बुलडोझर चालवला. कारण सांगितले अनधिकृत बांधकामाचे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली तोवर घर जमीनदोस्त झाले होते. पुढे आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाचे नोव्हेंबर २०२४ चे निर्देश आपल्याला माहीत नव्हते, असे सांगितले. वस्तीतल्या पोराला कायदा माहीत नसला तर त्याची माफी कोण ऐकून घेतो? आणि हे सगळे चालू असताना जो कोणी प्रश्न विचारेल तो पोलिसांचा शत्रू ठरत होता. पाठिंब्याचा गजर मोठा झाला की त्याखाली असे प्रश्न दाबले जातात. गजर करणाऱ्यांना ते चांगले कळते.

हे आम्ही तीनच महिने आधी परभणीत भोगले होते. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, तोडफोड झाली आणि मग भीमनगरासारख्या वस्त्यांतून धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमा आणि त्यामुळे बसलेला धक्का असे कारण आले. तरी गृहखात्याचे उत्तर आले की मारहाण झालीच नाही. हे उत्तर दिले गेले कुठे? आमच्याच नागपुरात, हिवाळी अधिवेशनात. फेब्रुवारीत परभणीहून मुंबईकडे निघालेला लाँग मार्च नाशिकला थांबला तेव्हा पोलिसांना मोठ्या मनाने माफ करा, असा सूर सत्ताधारी बाजूच्या आमदाराकडूनच निघाला. मोठे मन नेहमी आम्हीच करायचे! सोमनाथच्या आईने सरकारचे दहा लाख नाकारले. ॲड. प्रकाश आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही राज्य सरकारला दिलासा दिला नाही. त्या माउलीने डिसेंबरमध्येच 'पोलिसांना पाठिंबा' दिला असता तर हा आदेश कुठून आला असता?

पोलिसांवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असे संविधान सांगत नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, त्याला वकील मिळू द्या, हे कलम २२ मध्ये आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये ही तरतूद संविधान सभेत मांडली ती स्वतः बाबासाहेबांनी. अटकेचा अधिकार ज्याच्या हातात जातो त्याच्यावर पहारा हवा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ बघा. जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी माणसालाच तिथे सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. संसदेला हे कलम का घालावे लागले, ते खैरलांजी पाहिलेल्या विदर्भाला सांगायची गरज नाही.

आणि नागपूरला तर मुळीच नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये नामांतरासाठी रस्त्यावर आलेल्या आमच्या माणसांवर इथे गोळ्या चालल्या. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलियाजवळचे शहीद स्मारक त्याचेच आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लेकरेच जास्त. उलट बाजूही आहे. कस्तुरबानगरच्या बायका एका गुंडाविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी करत राहिल्या. ऑगस्ट २००४ मध्ये तो जिल्हा न्यायालयातच जमावाच्या हातून मारला गेला. असे व्हायला नको होते. पण त्या बायकांना पोलीस नको होते असे थोडेच आहे? त्यांना पोलीस हवेच होते, ते आले नाहीत. आमची तक्रार ही अशी दुहेरी आहे: मोर्चात लाठी लवकर येते, वस्तीत उशिरा. फोटो ठेवून यातले काहीच सुटत नाही.

आता खऱ्या पाठिंब्याचे बोलू. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी फॅक्टरी कायद्यातली दुरुस्ती मांडली आणि १९४६ मध्ये कामगाराचा आठवडा ४८ तासांचा झाला. ते ४८ तास बंदोबस्तावरच्या शिपायापर्यंत अजून पोचलेले नाहीत. सण कोणाचाही असो, जयंती असो की अधिवेशन, तो बारा-बारा तास उभा. सुट्टी रद्द. रस्त्यावरच्या महिला शिपायाला साधे स्वच्छतागृह नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. तो राज्यभर पक्का करा, म्हणून फुले देणाऱ्यांपैकी किती जण मोर्चा काढतात? आणि शिपायाने स्वतः मागायचे ठरवले तर काय होते? ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आपल्या संघटनेसाठी काळ्या फिती लावल्या. सरकारने लष्कर बोलावले, संघटनेची मान्यता काढली, शिपायांना बडतर्फ केले. त्या वेळी त्यांना पाठिंबा दाखवणे हा गुन्हा होता आणि आज न दाखवणे हा गुन्हा आहे! शिपाई तोच आहे. तेव्हा तो स्वतःसाठी बोलत होता, आज दुसरे त्याच्या नावाने बोलताहेत.

म्हणून आमच्या तरुणांनी आपल्या ठाण्यात जावे. जखमी शिपायाच्या उपचाराचे काय झाले ते विचारावे, ड्युटीच्या तासांचे निवेदन द्यावे आणि त्याच हाताने कोठडीतल्या सीसीटीव्हीचे चित्रण माहिती अधिकारात मागावे. ही दोन कामे एकमेकांच्या विरोधात नाहीत. चुकीचा हुकूम देणारा वर बसतो आणि बदनामी खालच्याच्या वाट्याला येते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा माणसे मारली. शिक्षा झाली ती एका उपनिरीक्षकाला, तीही बारा वर्षांनी, २००९ मध्ये. परभणीच्या प्रकरणात कोणत्या हुद्द्यापर्यंत हात पोचतो, तिकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत.

जयभीम.